लोण्याचा वास

६ मार्च

चि. ठकीस,

तुझी वसंतातली बिअर पोचली. खोक्यात बाटल्या दोन आणि कागद सात. तेहेतीस वर्षं कारखान्यात बिअर केली, मुख्य ब्रूअर म्हणून निवृत्त झालो, पण बाटलीबरोबर इतकं वाचावं लागतं हे कळायला भाचीने लाँड्री उघडावी लागली. मी लाँड्रीच म्हणणार. बंद पडलेली लाँड्री भाड्याने घेऊन तिच्यात चार टाक्या उभ्या केल्या म्हणून तिची ब्रूअरी होत नाही. तुझी सगळ्यात मोठी टाकी मी स्टुलावर बसून पुसेन.

कागदांपैकी एक कार्ड तुझ्या धंद्यातल्या जोडीदाराच्या हातचं दिसतं. ही बिअर म्हणे ‘पहाटे उमलणाऱ्या बागेची आठवण करून देते’ आणि शेळीच्या दुधाच्या चीजशी तिची ‘जुनी मैत्री’ आहे. मैत्री व्हायला ती दोघं शाळेत एका बाकावर होती का? त्या दाढीवाल्याला सांग, लोक बिअरबरोबर समोर असेल ते खातात आणि घरी जातात. आणि बिअरमध्ये फुलं घालायची बुद्धी ज्याला झाली, त्याला आठवडाभर फुलदाणीतलं पाणी प्यायला द्यावं.

आता बिअर. पेला तोंडाशी नेण्याआधीच लोणी. गरम पावावर नुकतं लावल्यासारखा सणसणीत वास. तुला तो येणार नाही. तुझ्या नाकाला लोणी कळत नाही, हे तुझ्या पहिल्याच घाण्याला आपल्या लक्षात आलं होतं. काही नाकं जन्मतःच तशी असतात, त्यात तुझा दोष नाही. तशा नाकानिशी ब्रूअर व्हायचं ठरवलंस, त्यात आहे. टाकी थंड करायची घाई करू नकोस. यीस्टवर आणखी चार दिवस उबेत राहू दे. तो वास यीस्टच करतं आणि यीस्टच खाऊन टाकतं, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. एकदा थंड करून गाळलीस की मग देवसुद्धा काढू शकत नाही.

दुसरं, मागे कुठेतरी ओल्या पोत्याचा वास आहे. माल्टची पोती जमिनीवर ठेवतेस. फळ्यांवर ठेव.

फोन करून ‘कशी होती?’ विचारू नकोस. फोनवर माणूस भिडेखातर बरं बोलून जातो.

मामा


१५ मार्च

ती. मामास,

टाकी चार दिवस उबेत ठेवली. पोती फळ्यांवर चढवली, आणि हो, खालची दोन बुडाशी ओलीच होती. इथून एवढ्या लांब बसून तुला पोतं कळतं आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही, याचा मला राग येतो. तुझाही येतो.

तुझं पत्र मी कसं वाचते ते तुला सांगितलेलं नाही. पेन्सिल घेऊन बसते. लेबलला दिलेल्या शिव्या खोडते, कार्डाला दिलेल्या खोडते, दाढीला दिलेल्या खोडते. बिअरला दिलेल्या तेवढ्या उरतात. ती माझी कामाची यादी. यादीतलं सगळं उरकल्याशिवाय एकही घाणा या दारातून बाहेर गेलेला नाही. लोक प्रयोगशाळेत नमुने पाठवतात, मी मामाकडे पाठवते. प्रयोगशाळा निदान उद्धटपणे बोलत नाही.

लोण्याचं गुपित अजून आपल्या दोघांतच आहे. जोडीदार दाढी कुरवाळत ‘तळाशी मधाची चाहूल’ वगैरे म्हणतो, पण माणूस मूर्ख नाही. ब्रूअरबाईला अर्धं नाक आहे असं कळलं, तर दुसऱ्या दिवशी टाकीपाशी दुसरं कोणीतरी उभं असेल आणि मी बाटल्यांना झाकणं लावत असेन.

त्यात आमचं मंडळ. या गल्लीत सत्तर घरं आहेत आणि त्यांच्या मंडळाने दर ऑक्टोबरात हात वर केले तरच आम्हाला पुढचं वर्ष मिळतं. समोरच्या टेलरबाईंचा हात अजून एकदाही वर गेलेला नाही. आमची वाफ त्यांच्या कापडात शिरते, असं त्या प्रत्येक बैठकीत उभं राहून सांगतात. म्हणून या वेळी पानगळीची बिअर गल्लीचीच करायचं ठरवलंय. जवळजवळ प्रत्येक अंगणात नासपतीचं झाड आहे आणि निम्मी फळं जमिनीवर सडतात. प्रत्येक घराने टोपलीभर आणायची, सगळी मिळून एका टाकीत. लेबलवर गल्लीचं नाव. जे स्वतःच्या अंगणातून आलं, त्याला नाक मुरडणं जड जातं. तू मुरडशीलच.

मामीला नमस्कार.

तुझी ठकी


१९ जून

चि. ठकीस,

उशीर झाला. एप्रिलमध्ये ताप आला होता, पंधरा दिवस अंथरुणात काढले. आता ठणठणीत आहे, चौकशीचं पत्र पाठवू नकोस. मामीही बरी आहे. हल्ली स्वयंपाक छान करते.

तुझी उन्हाळी गव्हाची बिअर बघितली. गव्हाची बिअर गढूळ असते हे मला शिकवू नकोस, पण गढूळ आणि धुण्याचं पाणी यांत काही फरक राखायचा असतो. फेस मी चष्मा पुसेपर्यंत खाली बसला. जिभेला कडवटपणा लागतो न लागतो, ज्यांना बिअर आवडत नाही त्यांच्यासाठी केलेली दिसते. लेबलवर छत्रीखाली झोपलेलं माणूस आहे. ते बहुधा बिअर प्यायल्यानंतरचं असावं.

कार्डावर ‘तळलेल्या माशाबरोबर’ एवढंच लिहिलंय. दाढीवाला आजारी होता का?

फेसाचं बघ. पेले साबणाने धूत असशील तर नुसत्या पाण्याने विसळून घेत जा.

मामा


२८ सप्टेंबर

ती. मामास,

तुझं जूनचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. पेन्सिल घेऊन बसले, खोडत गेले, आणि खाली फक्त फेस उरला. लोण्याचं नाव नाही, पोत्याचं नाही, कसलाच वास नाही. आठवडाभर मी गल्लीतून अशी मिरवत होते, की जोडीदाराने विचारलं, काय खाल्लंयस?

आता कामाचं. नासपती आली. सत्तरपैकी बासष्ट घरांनी टोपल्या आणल्या. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने तीन आणल्या आणि दर तासाला टाकी बघायला येतो, जणू आत त्याचा जावई बसलाय. दोन शेजारी कोणाचं झाड गोड यावरून बोलेनासे झाले आहेत. सोलायला दुकानात वीस बायामाणसं बसली होती. टेलरबाईसुद्धा आल्या. टोपली दारात ठेवून म्हणाल्या, झाड माझ्या आईने लावलेलं आहे, वाया घालवू नका. आणि निघून गेल्या.

बारा ऑक्टोबरला दुपारी गल्लीची चव-बैठक आहे. पहिली बिअर घरच्या फळांची, सोबत बेकरीवाल्याचा अक्रोडाचा केक, भाजलेली कोंबडी, आणि जोडीदाराचं चीज, त्याला आवरणं माझ्या हातात नाही. खाऊनपिऊन झालं की तिथेच मंडळाची बैठक, तिथेच हात वर. तारीख त्याने पोस्टरवर आधीच छापली आहे, त्यामुळे दिवस कमी पडताहेत.

टाकी अजून उबेत आहे. सोबतच्या बाटल्या काल काढल्या. मामा, या वेळी मला यादी नको, एकच सांग, लोणी आहे की नाही. असेल तर मी तारीख पुढे ढकलते, पोस्टरं गेली खड्ड्यात. नसेल तर लगेच टाकी थंड करते. तुझं पत्र येईपर्यंत मी कशालाही हात लावत नाही.

तुझी ठकी


३ ऑक्टोबर

चि. ठकीस,

बाटल्या मिळाल्या. लेबलवर गल्लीचा नकाशा आणि बासष्ट घरांची नावं, तीही इतक्या बारीक अक्षरांत, की मला भिंग घ्यावं लागलं. बिअरची बाटली आहे की मतदारयादी? उद्या एखाद्याचं नाव गळलं तर तो बिअर पिणार नाही, खटला भरील.

कार्ड तर मी मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. ‘पानगळीच्या सोनेरी उन्हात शेजाऱ्याने शेजाऱ्याला दिलेला हात.’ हात पेल्यात कशाला घालायचा? निळ्या बुरशीचं चीज, अक्रोडाचा केक आणि कोंबडी यांच्यातून ही बिअर म्हणे ‘वाट काढते’. एवढ्या गर्दीतून वाट काढायला ती रुग्णवाहिका आहे का? दाढीवाल्याला एक दिवस टाकी घासायला उतरव. वासाच्या गोष्टी रचणाऱ्यांनी एकदा तरी तळाची घाण हाताने काढलेली असावी.

आणि गल्लीने बिअर करायची हेही मला पटत नाही. बासष्ट घरांनी टोपल्या दिल्या म्हणून बासष्ट ब्रूअर झाले, असं त्यांना वाटू देऊ नकोस. उद्या ते टाकीत काय घालायचं ते हात वर करून ठरवतील.

बिअरबद्दल काय लिहू? रंग चांगला आहे. फेस सुधारलाय. जिभेला गोड-आंबट ठीक. नासपतीची बिअर व्हायची तशी झाली आहे. तारीख छापून बसलीच आहेस, तर मला विचारून काय उपयोग?

मामा


१६ ऑक्टोबर

मामा,

मी पेन्सिल घेऊन बसले. लेबल खोडलं, कार्ड खोडलं, दाढी खोडली, गल्ली खोडली. खाली उरलं, ‘रंग चांगला, फेस सुधारला, गोड-आंबट ठीक’. मला वाटलं, लोणी असतं तर मामाने पहिल्या ओळीत लिहिलं असतं, बाकी सगळं नंतर. नाव ठेवलं नाही म्हणजे पास. सहा तारखेला मी टाकी थंड केली.

बैठकीला माणसं दाटीवाटीने बसली होती. सगळ्यांनी पेले उंचावले, पहिला घोट घेतला, ‘वा’ म्हणाले. दुसऱ्या घोटानंतर माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कोणी काही बोलेना. आपल्याच झाडाची फळं, काय बोलणार? बेकरीवाला मात्र खूश होता, त्याला वाटलं त्याच्या केकचं लोणी सगळीकडे दरवळतंय. जोडीदाराने तर उभं राहून सांगितलं, की केक आणि बिअर यांचा असा मेळ आजवर साधला नव्हता.

मग टेलरबाई उठल्या. पाण्याने चूळ भरली, नवा पेला मागितला, केकपासून लांब दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि हुंगला. परत आल्या आणि पेला माझ्यासमोर ठेवला. म्हणाल्या, “लोणी आहे हे. आईच्या झाडाची फळं दिली होती मी. यात फळ कुठे आहे?”

त्यानंतर सगळ्यांना कंठ फुटला. सत्तर घरांतलं एकही माणूस मागे राहिलं नाही. मी पेला हातात घेऊन हुंगत उभी, आणि मला काहीच येत नव्हतं. नासपती येत होती, स्वच्छ, गोड. माझ्यासमोर सगळी गल्ली लोणी लोणी म्हणत होती आणि मी त्यांना मान हलवून ‘हो हो’ म्हणत होते. मंडळाने हात वर करणं पुढे ढकललं, नऊ नोव्हेंबरवर. त्या दिवशी काय होणार ते मला आत्ताच दिसतंय.

मी एकच प्रश्न विचारला होता. तुला ते कळलं नाही, हे शक्य नाही. तुला पोतं कळतं. म्हणजे तू मुद्दाम गप्प बसलास. मला धडा शिकवायला, की माझी पोस्टरं तुला सहन झाली नाहीत म्हणून? एवढं लिहून पाठव, की मुद्दाम होतं. मग मी परत बाटली पाठवायचा त्रास देणार नाही.

ठकी


२१ ऑक्टोबर

चि. ठकीस,

मुद्दाम होतं.

तारीख आधी आणि बिअर नंतर, अशी कामं करणाऱ्यांना एकदा ठेच लागायला हवी होती. नेहमी मी सांगायचं आणि तू दुरुस्त करायचं, याला ब्रूअर म्हणत नाहीत, हरकाम्या म्हणतात. आपला घाणा ज्याला स्वतःला कळत नाही, त्याने गल्लीला जेवायला बोलावू नये. आता कळलं असेल. बाटल्या पाठवू नकोस, मलाही त्या रिकाम्या करायचा कंटाळा आलाय.

मामीला पत्र दाखवलेलं नाही.

मामा


३० ऑक्टोबर

मामा,

तुझं पत्र फाडायला घेतलं होतं. मग आईला दाखवलं. तिने वाचलं आणि हसली, म्हणाली, माझा भाऊ खोटं बोलतोय. कारखान्याच्या मालकाच्या मोठ्या समारंभाच्या आदल्या दिवशी तू आख्खी टाकी गटारात सोडली होतीस ना? लोण्याचा वास होता आणि चारशे पाहुणे येणार होते. मालकाने वर्षभर तुला बाटल्या धुण्याच्या खात्यात बसवलं, तरी तू माफी मागितली नाहीस. आई म्हणाली, वाईट बिअर माणसांच्या पुढ्यात जाऊ देणं त्याला जमत नाही. तो तसा चांगला आहे असं नाही, त्याचा अहंकार तसा आहे.

तेव्हा मी तुझी सगळी पत्रं काढली. सहा वर्षांची. मार्चपर्यंतच्या प्रत्येक पत्रात वास आहे. ओलं पोतं, गंजलेला नळ, उकडलेलं अंडं, दवाखाना. एकदा तर तू जोडीदाराचा अत्तराचा हात बाटलीच्या तोंडाशी पकडला होतास. जूनपासून एकही वास नाही. गढूळपणा आहे, फेस आहे, रंग आहे, कडू आहे, आंबट आहे. डोळ्यांना दिसतं ते आणि जिभेला लागतं ते. तू ‘बघितली’ असं लिहिलंस. बिअर बघितली! माझी ती पेन्सिल आधी माझ्याच डोक्यात मारायला हवी होती.

एप्रिलच्या तापात तुझं नाक गेलंय. उन्हाळ्यात हवाच गरम होती, टाकी आपोआप उबेत राहिली म्हणून मी वाचले, तुझ्यामुळे नाही.

सहा वर्षं मला अर्धनाकी म्हणून चिडवलंस आणि स्वतःचं आख्खं गेल्यावर मूग गिळून बसलास. भाचीच्या नजरेतून उतरलं तरी चालेल, पण ब्रूअरकीचा तोरा उतरता कामा नये. दुष्ट म्हणवून घ्यायला तयार झालास, ‘कळत नाही’ एवढं लिहायला झाला नाहीस. बासष्ट घरांनी झाडाखाली वाकून फळं वेचली होती, मामा.

माझंही सांगते. काल जोडीदाराला लोण्याचं सांगितलं. तो म्हणाला, तरीच. नऊ तारखेला मी मंडळालाही सांगणार आहे, माझं आणि तुझं दोन्ही. तुझं सांगू की नको, ते तू लिही. दया दाखवायच्या मनःस्थितीत मी नाही, ती फळं सोलण्यातच संपली.

ठकी


४ नोव्हेंबर

चि. ठकीस,

सांग.

ताप उतरल्यावर तुझी मार्चची उरलेली बाटली उघडली. काही नाही. वाटलं बाटली मेली. मग मामीचा बाम उघडला, मग रॉकेल, मग ती पायखान्यात टाकते ती बाटली. बाटलीत नाक घालून बसलो आणि डोळ्यांतून पाणी आलं, वास नाही आला. डॉक्टर म्हणाला, येईल परत कदाचित. ‘कदाचित’ म्हणताना तो दुसऱ्या पेशंटचे कागद बघत होता.

मामीला अजून सांगितलेलं नाही. सात महिन्यांत मी जेवणाला एकदाही नाव ठेवलं नाही, तिला वाटतंय तापाने माणूस सुधारला. शेजारणींना सांगते. तिचा तो आनंद मोडवत नाही, आणि माझ्याने सांगवत नाही.

तू मला दुष्ट समजलीस तेव्हा, खरं लिहितो, मला हायसं वाटलं. दुष्ट ब्रूअर मी पुष्कळ पाहिले आहेत. नाक नसलेला ब्रूअर म्हणजे कोण, ते मला माहीत नव्हतं. ऑक्टोबरातल्या तुझ्या बाटल्या मी तीन दिवस समोर ठेवून बसलो होतो. तू एकच गोष्ट विचारली होतीस. ‘मला कळत नाही’ हे मी तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं, आणि मग तुझ्या लेबलला शिव्या दिल्या, कारण त्या मला नाक नसतानाही देता येतात.

माझ्या हातून वाईट झालं. मला त्याची लाज वाटते. त्या टेलरबाईंना सांग, त्यांच्या आईचं झाड माझ्यामुळे वाया गेलं, तुझ्यामुळे नाही.

मामा


१३ नोव्हेंबर

ती. मामास,

सांगितलं. बैठकीत उभी राहिले आणि म्हणाले, मला लोण्याचा वास जन्मापासून येत नाही, हे मी तुमच्यापासून लपवलं. माझ्यासाठी चाखणाऱ्या मामाला एप्रिलपासून कसलाच वास येत नाही, हे त्याने माझ्यापासून लपवलं. तुमची फळं आम्हा दोघांच्या मधल्या फटीत पडली. तुझा टेलरबाईंसाठीचा निरोपही वाचून दाखवला.

मग कोणीतरी विचारलं, की दोन माणसांत मिळून एक नाक नाही आणि आपण यांना वर्षाचा परवाना द्यायचा? लोक हसले. रागावून हसले. बेकरीवाला रुसून बसलाय, केकचं श्रेय गेलं म्हणून. जोडीदार माझ्या बाजूने बोलायला उठला, पण ‘प्रवास’ आणि ‘मुळं’ असे शब्द वापरायला लागल्यावर मीच त्याला खाली बसवलं.

शेवटी टेलरबाई म्हणाल्या, “सहा महिने द्या. पण एकही बाटली मी हुंगल्याशिवाय या दारातून जाणार नाही. आणि माझं काम संपल्यावर येईन, यांनी बोलावलं म्हणून नाही.” आणि त्यांनी हात वर केला. त्यांचा हात बघून बाकीचे वर गेले. सगळे नाही. पण पुरेसे.

तेव्हा सहा महिने आहेत. दुकानात बाई रोज येतात, शिलाई मशीनची धूळ झटकून, कोणाशी न बोलता. टाकीटाकीशी थांबतात, हुंगतात, वहीत लिहितात. नाक असं, की मला हेवा वाटतो. पण त्या वासाचं पुढे काय करायचं ते त्यांना माहीत नाही, आणि ‘ओला पुठ्ठा’ वाचून मलाही अर्धंच कळतं. तुला सगळं माहीत आहे आणि तुझ्याकडे नाक नाही. वहीचं पान सोबत पाठवतेय. उत्तर त्यांनाच लिही, मी मध्ये पडणार नाही. शिव्या जपून दे, त्यांच्याकडे कात्री असते.

मामीला सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन.

तुझी ठकी


२० नोव्हेंबर

टेलरबाईंना नमस्कार.

आपली ओळख नाही. जी आहे ती माझ्या चुकीमुळे झाली, तिची माफी भाचीच्या तोंडून मागून झाली आहे. आता स्वतः मागतो.

तुमच्या वहीचं पान वाचलं. पहिल्या टाकीला तुम्ही ‘उकडलेलं अंडं’ लिहिलंय. घाबरू नका, ठकीला घाबरू देऊ नका, आठवड्यात आपोआप जाईल. आठवड्यानंतरही राहिलं तर मला कळवा. तिसरीच्या बाटल्यांना ‘ओला पुठ्ठा’, म्हणजे बाटली भरताना आत हवा राहते. दोष बिअरचा नाही, झाकण लावायच्या यंत्राचा आहे. त्या दाढीवाल्याने ते घेतलं असणार, रंग बघून. दुसऱ्या टाकीला तुम्ही ‘बरा वास’ लिहिलंय. हे परत लिहू नका. बरा वास म्हणजे काही नाही. तुम्ही गिऱ्हाइकाला ‘बरं कापड’ म्हणून विकता का? कशासारखा, किती, पेला हलवल्यावर वाढतो की विरतो, ते लिहा. तुमचं नाक चांगलं आहे, त्याला आळशी होऊ देऊ नका.

गोड चवीची काळी बिअर हिवाळ्यात येते आहे. तिच्यात लोणी लपतं. हुंगण्याआधी पेला तळहातात धरून ऊब द्या, मग ते वर येतं. केकपासून लांब राहता, हे तुम्ही कोणी न शिकवता करता, उत्तम.

मामीला, म्हणजे माझ्या बायकोला, काल सांगितलं. तिने सात महिन्यांच्या स्वयंपाकाबद्दल मला एकेक करून विचारलं. ते तुम्हाला लिहिण्यासारखं नाही.

आणखी एक काम आहे, ते ब्रूअरीचं नाही, माझं आहे. सकाळी ठकी कुटलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, गरम पाण्यात ओतते, तेव्हा वाफ निघते. तीच, जी तुमच्या कापडात शिरते म्हणून तुमची तक्रार आहे. तेहेतीस वर्षं रोज मी त्या वाफेत उभा राहिलो. पण मी तिच्यात फक्त चुका हुंगल्या. करपलंय का, आंबलंय का, पोतं लागलंय का. चूक नसली की पुढच्या टाकीकडे जायचो. आता रात्रंदिवस आठवून बघतो आणि मला करपलेलं आठवतं, आंबलेलं आठवतं, पण नीट असायचं तेव्हा ते कसं असायचं, ते आठवत नाही. तेवढं एकदा दारात उभं राहून, घाई न करता, मला लिहून पाठवा.

चूक नसेल त्या दिवशीही लिहीत चला.

ठकीचा मामा